सभ्य पेशींची बाटली

४ फेब्रुवारी, मंगळवार

वही, राग धरू नकोस. अकरा महिने तुला हात लावला नाही. कारण एवढंच की निवृत्त माणसाच्या दिवसात लिहिण्यासारखं काही घडत नाही. मागच्या मार्चमध्ये शेवटचं लिहिलंय ते ‘नळाचा वायसर बदलला’. त्यानंतर लाज वाटून बंद केलं.

आज उघडली ती बाईंमुळे. काल बाई घरी आल्या होत्या. निवृत्तीला तीन वर्षं झाली, पहिल्यांदाच आल्या. खुर्ची दिली तर नको म्हणाल्या आणि माझ्या खाटेवरच बसल्या. मोठ्या माणसाला गर्व नसतो तो असा. आमच्या संशोधन संस्थेच्या अर्ध्या मजल्याच्या प्रमुख, पण मला अजून काकाच म्हणतात.

चहा अर्धाच प्यायल्या. म्हणाल्या, “काका, तुम्ही रोज वहीत लिहायचात ना? अजून लिहिता?”

मी ओशाळून म्हणालो, “नाही बाई, सुटलं ते.”

“आणि जुन्या वह्या?”

“त्या रद्दीत गेल्या असतील. घरात सत्ता हिची.”

बाईंनी सुस्कारा टाकला. एवढी चांगली सवय सुटली म्हणून त्यांना वाईट वाटलं असणार. मलाच मेल्याहून मेल्यासारखं झालं. म्हणून आज पुन्हा सुरुवात.

मग त्यांनी आल्याचं कारण सांगितलं. कुठल्याशा दूरच्या प्रयोगशाळेने आमच्या सभ्य, म्हणजे निरोगी पेशी मागवून तपासल्या. त्या सभ्य नाहीतच म्हणे. दांडग्या, कॅन्सरच्या निघाल्या. आता चौकशी बसली आहे, तीन माणसांची.

सत्तावीस वर्षं त्या पेशींना खाऊ घालणारा मी.

५ फेब्रुवारी, बुधवार

कधीतरी नातवंडांच्या हाती ही वही पडली तर त्यांना कळावं म्हणून माझं काम काय होतं ते लिहून ठेवतो.

माणसाच्या अंगातून काढलेल्या पेशी बाटलीत वाढवतात. बाटली म्हणजे तळहाताएवढी, चपटी, आडवी ठेवायची. आत लालसर पाणी असतं, ते त्यांचं खाद्य. दर दोन दिवसांनी जुनं काढायचं, नवीन घालायचं, आणि बाटली परत उबेच्या कपाटात. चूल पेटवून बसलेल्या सुगरणीइतकं लक्ष ठेवावं लागतं. रविवार नाही, सण नाही. ही म्हणायची, “मला खरी सवत असती तर परवडली असती, निदान सुट्टीच्या दिवशी माहेरी गेली असती.”

आमच्याकडे दोन प्रकारच्या पेशी होत्या. एक निरोगी बाईच्या अंगातल्या, त्यांना मी सभ्य म्हणायचो. दुसऱ्या कॅन्सरच्या गाठीतल्या, त्या दांडग्या. सूक्ष्मदर्शकातून पाहिलं की फरक शेंबड्या पोरालाही कळेल. सभ्य पेशी वाढत वाढत शेजारणीला टेकली की थांबते. बाटलीचा तळ भरला की सगळ्या गप्प. दांडग्या शेजारणीच्या डोक्यावर चढून वाढतात. जागा संपली तरी वाढतात.

असं का, ते बाईंनी मला एकदा जिन्यात बसून समजावलं होतं. तेव्हा त्या विद्यार्थिनी होत्या. म्हणाल्या, काका, प्रत्येक पेशीत तेच एक पुस्तक असतं, पण सगळी पानं कोणीच वाचत नाही. डोळ्याची पेशी डोळ्याची पानं वाचते, कातडीची कातडीची. कुठलं पान उघडायचं, कुठलं मिटायचं, ते ठरवणारी प्रथिनं असतात. ती जनुकावर जाऊन बसतात आणि सांगतात, हे वाच, हे बंद कर. त्यातलं एक ‘वाढा’ असं सांगणारं. जखम झाली की ते जागं होतं, पेशी भराभर वाढतात, जखम भरते. मग ते लगेच मोडून टाकलं जातं. अर्ध्या तासाचंसुद्धा आयुष्य नाही.

मी म्हणालो, “म्हणजे मुकादम. काम असलं की येतो, ओरडतो, काम झालं की घरी.”

बाई इतक्या हसल्या! तेव्हापासून त्या प्रथिनाचं नाव मुकादम. छापायचं नाव अक्षरा-आकड्यांचं होतं, पण आमच्या खोलीत मोठमोठे लोकसुद्धा मुकादमच म्हणायचे. कॅन्सरमध्ये काय होतं, तर मुकादम घरी जातच नाही. जनुकावर ठाण मांडून ‘वाढा, वाढा’ ओरडत बसतो.

नऊ वर्षांपूर्वी बाईंनी दाखवून दिलं की सभ्य पेशींत जादा मुकादम घातला, तर तेवढ्यानेच त्या दांडग्या होतात. त्यावर त्यांचं नाव झालं. बक्षीस मिळालं, त्या दिवशी मला पहिल्या रांगेत बसवलं होतं.

आणि आता म्हणतात की त्या पेशी आधीपासूनच दांडग्या होत्या. एकच दांडगी पेशी उडून सभ्य बाटलीत पडली तरी पुरते. ती दुपटीने वाढते, सभ्यांना मागे टाकते, दोनतीन महिन्यांत सगळी बाटली तिचीच. नाव मात्र सभ्यांचं.

म्हणून नियम होता. आधी सभ्य, मग दांडग्या. खाद्याची बाटली वेगळी, नळी वेगळी. मी तो पाळला. पाळलाच असेल. सत्तावीस वर्षांत एकदाही चुकलो नसेन असं कोणत्या तोंडाने म्हणू?

८ फेब्रुवारी, शनिवार

बाई पुन्हा येऊन गेल्या. आज कागद आणला होता. इंग्रजीत, दोन पानी.

वही, तुला माहीत आहे, मी सातवीपर्यंत शिकलो. आपली अक्षरं वाचतो, लिहितो. इंग्रजी मला येत नाही. नोकरीला लागताना खोटं बोललो होतो की येतं. बाटल्यांवर सगळी नावं त्याच अक्षरांत. पहिली पाच वर्षं आकारावरून ओळखून भागवलं, जीव मुठीत धरून. मग एक दिवस बाईंनी ओळखलं. बावीस-तेवीस वर्षांची पोर तेव्हा ती. कोणाला काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी बाजारातून रंगीत टिकल्या घेऊन आली, कागदी. म्हणाली, “काका, आजपासून सभ्यांना हिरवी, दांडग्यांना लाल. सगळ्यांना सांगते की मलाच घाईत वाचायला त्रास होतो.” स्वतःवर घेतलं तिने. पंचवीस वर्षं झाली. हे फक्त तिला आणि हिला माहीत.

अशा माणसाने कागद वाचून दाखवला तर मी काय संशय घेऊ?

बाईंनी वाचला तो असा: मी इतकी वर्षं या पेशींची देखभाल करत होतो, हिरव्या-लाल टिकल्या वापरत होतो, काही वेळा खूप काम असायचं, नजरचूक अशक्य नाही. मी म्हणालो, “अशक्य नाहीच बाई.” त्या म्हणाल्या, “बस, एवढंच. म्हणजे चौकशी लवकर मिटेल, तुम्हाला कोणी बोलावणार नाही.” मी सही केली. माझी सही मला फार छान जमते.

त्या गेल्यावर ही स्वयंपाकघरातून आली.

“सही केलीत?”

“केली.”

“दोन पानांचं तिने चार वाक्यांत वाचलं. बाकीच्या पानावर काय होतं, नक्षी?”

“अगं, इंग्रजीत लांबण लागते.”

“घर विकलं असतंत तरी म्हणाला असतात, लांबण लागते.”

हिचा स्वभावच संशयी. दूधवाल्यालाही सोडत नाही.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

जेवण जात नाही. हातांकडेच बघत बसतो.

आज दुपारी एक प्रयोग केला. दोन बाटल्या घेतल्या, एकीत साधं पाणी, दुसरीत शाई घातलेलं. ओट्यावर मांडून अगदी तसंच केलं जसं काचेच्या पेटीत करायचो. आधी साधं, मग शाईचं. झाकण काढ, तिरकं धर, पाणी ओढ, नवीन घाल, झाकण लाव. वीस वेळा केलं. साध्या पाण्यात शाईचा एक थेंब येतो का बघायचं होतं.

ही दारात उभी. “आता माझ्या ओट्यावर कॅन्सर करा.”

“थांब गं, मोजतोय.”

विसाव्या वेळपर्यंत पाणी स्वच्छ. एकविसाव्या वेळी हिने फोडणी टाकली, मला ठसका लागला आणि हात हलला. ओटा निळा झाला. साधं पाणीसुद्धा किंचित निळं झालं.

ही पुसता पुसता हसत होती. मला रडू आलं. एकवीस वेळांत एकदा. मी तर हजारो वेळा केलं.

कोणी माझ्या पेशींवर विसंबून वर्षं घालवली असतील. कोणी औषध शोधत असेल. मुकादमाला हाकललं की रोगी बरा होतो असं धरून. आणि मुळात मी शिंकलो असेन.

२० फेब्रुवारी, गुरुवार

संस्थेत गेलो होतो. खरं तर चौकशीच्या माणसांना भेटून सांगायचं होतं की जी काय शिक्षा असेल ती द्या, बाईंना त्रास नको.

फाटकापाशीच अडलो. फाटकावरचा रखवालदार माझ्याबरोबरच नोकरीला लागलेला, तोंडाचा फाटका. मला बघून उठून उभा राहिला आणि सलाम ठोकला.

“या गुरुजी!”

“गुरुजी कशाला रे?”

“सत्तावीस वर्षं इंग्रजी न वाचता प्रयोगशाळा चालवलीत! आम्हाला फाटकावरची पाटी वाचता येते की नाही ते बघून घेतलं होतं. तुमचं भारी आहे काका.”

मला कळेना. “कोण म्हणालं तुला?”

“मी कशाला म्हणतोय? सूचना-फलकावर लावलंय. कारकुनाने सगळ्यांना वाचून दाखवलं. तुमच्या सहीचं आहे.”

दोघी मुली फाटकातून बाहेर पडत होत्या. माझ्याकडे पाहिलं आणि एकीने दुसरीला कोपराने ढोसलं. मी आत गेलो नाही. फलक दिसत होता तिथून. गेलो असतो तरी वाचता थोडाच आला असता?

ती गोष्ट जगात दोन माणसांना माहीत होती. ही तर फलकावर लावायला गेली नाही.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

काही नाही. दिवसभर पडून होतो.

२३ फेब्रुवारी, रविवार

आज जिराफ आली.

जिराफ म्हणजे बाईंची जुनी विद्यार्थिनी. उंच म्हणून मीच नाव ठेवलं होतं. चार वर्षांपूर्वी अचानक सोडून गेली. बाई म्हणाल्या होत्या की तिने महागडं यंत्र मोडलं आणि उलट उत्तरं दिली. मी विश्वास ठेवला. ती निरोप घ्यायला आली तेव्हा बाटल्या धुण्याचं निमित्त करून मी वळलोसुद्धा नाही. हे तेव्हा वहीत लिहिलं नव्हतं, आज लिहितो.

आता ती दुसऱ्या संस्थेत आहे. फलकावरचा कागद तिला कोणीतरी फोटो काढून पाठवला. तीन तासांचा प्रवास करून आली. दारातून आत येताना वाकली, जुनी सवय.

ही म्हणाली, “बस गं बाई. आणि यांना एकदाचं वाचून दाखव, यांनी कशावर सही केली ते.”

तिने सावकाश, आपल्या भाषेत करून वाचलं. पहिलं पान बाईंनी सांगितलं तसंच. दुसऱ्या पानावर असं: ‘मला इंग्रजी अक्षरं वाचता येत नाहीत. ही गोष्ट मी संपूर्ण सेवाकाळात सर्वांपासून लपवून ठेवली. बाटल्यांवरची नावं वाचता न आल्यामुळे माझ्या हातून दोन्ही प्रकारच्या पेशी एकत्र झाल्या. प्रमुखांना याची कोणतीही कल्पना नव्हती.’

“पुन्हा वाच,” मी म्हणालो.

“कुठलं, काका?”

“शेवटचं.”

तिने वाचलं. कोणतीही कल्पना नव्हती.

ही काहीतरी बोलणार होती, मी हात वर केला. जिराफ म्हणाली, “काका, अजून आहे. यंत्र-बिंत्र मी काही मोडलं नव्हतं.”

मग तिने जे सांगितलं ते मला समजलं तसं लिहितो. चार वर्षांपूर्वी तिने थंड टाकीतल्या अगदी जुन्या कुप्या काढल्या. आम्ही दर सहा महिन्यांनी थोड्या सभ्य पेशी गोठवून ठेवायचो, मीच ठेवायचो. तिने सर्वांत जुन्या कुपीतल्या पेशी वाढवून त्यांत मुकादम घातला. तिला वाटलं, बाईंसारखंच होईल. तसं झालं नाही. पेशी थोडा वेळ भराभर वाढल्या आणि मग आपणहून मरून गेल्या.

“मेल्या कशाने?”

“निरोगी पेशीत मुकादमावर नजर ठेवणारं दुसरं प्रथिन असतं, काका. तेही जनुकावरच बसतं. मुकादम फार वेळ ओरडतोय असं दिसलं की ते सांगतं, आता थांबा. आणि थांबता येत नसेल तर मरा. म्हणजे एकटा मुकादम चढला म्हणून कॅन्सर होत नाही. हा राखणदारसुद्धा आधी गेलेला असावा लागतो. आपल्या बाटलीतल्या पेशी जगल्या, कारण त्या मुळातच गाठीतल्या होत्या. त्यांच्यात राखणदार नव्हताच.”

तिने सगळ्या कुप्यांचे ठसे तपासले. माणसाच्या बोटांचे असतात तसे पेशींचेही ठसे असतात म्हणे. अकरा वर्षांपूर्वीच्या जूनमधली कुपी स्वच्छ. त्याच वर्षीच्या डिसेंबरमधली दांडगी. मधल्या सहा महिन्यांत झालं ते. बाईंनी प्रयोगात तुलनेसाठी जूनचीच कुपी घेतली होती आणि मुकादम घातला तो चालू बाटलीत, म्हणून फरक दिसला. “तोवर त्यांची चूक प्रामाणिक होती,” जिराफ म्हणाली. “पण मी त्यांना ठसे दाखवले त्याला चार वर्षं झाली. त्या म्हणाल्या, दार लाव. मग म्हणाल्या, तुझं करिअर अजून सुरू व्हायचंय. महिन्याभरात माझं टेबल काढलं. त्यानंतर त्याच पेशींवर त्यांनी आणखी दोन निबंध छापले.”

“तू कोणाला का नाही सांगितलंस?”

“तुम्हाला सांगायला आले होते, काका. तुम्ही बाटल्या धूत होतात.”

जाताना दारात ती माझे पाय धरायला वाकली, मी दूर झालो. मी त्या लायकीचा नाही.

२४ फेब्रुवारी, सोमवार

अकरा वर्षांपूर्वी जून ते डिसेंबर. सकाळपासून हेच डोक्यात. त्या सहा महिन्यांत माझ्या हाताला काय झालं होतं?

हिला म्हटलं, “जुन्या वह्या खरंच रद्दीत घातल्यास?”

“तीन घातल्या. एक कपाटाच्या पायाखाली आहे. बाकीच्या माळ्यावर.”

“मला बोलली नाहीस?”

“तुम्ही विचारलं कधी? बाईसमोर परस्पर माझं नाव सांगून मोकळे झालात.”

हवी होती तीच कपाटाखाली निघाली. दोघांनी मिळून कपाट उचललं, माझ्या कमरेत कळ आली, कपाट अजून डुलतंय. वहीच्या मधोमध पायाचा खड्डा पडलाय, पण अक्षरं शाबूत.

ऑगस्टची पानं उघडली तर अक्षर माझं नाही. हिचं!

मग आठवलं. उजव्या डोळ्याचं ऑपरेशन. मोतीबिंदूचं साधंच होतं, पण डोळा चिघळला आणि सदतीस दिवस मी घरात पडून. दोन्ही डोळे मिटून ठेवायचा हुकूम होता. दिवस चुकू नये म्हणून मी सांगायचो आणि ही लिहायची. मी सांगितलं तेवढंच नाही, स्वतःचंही घालायची. ‘आज हे फार कुरकुरले.’ ‘यांना पेशींची चिंता, मला यांची, माझी कोणालाच नाही.’

आणि जवळजवळ रोज: ‘बाईंचा निरोप आला. पेशींना मी स्वतःच खाऊ घालते आहे, दुसऱ्या कोणाला हात लावू देत नाही, काकांनी काळजी करू नये.’

एका दिवशी: ‘बाई स्वतः आल्या. फार दमलेल्या. दोन्ही बाटल्या एकदमच काढते म्हणाल्या, वेळ नसतो. हे म्हणाले, असं करू नका बाई. त्या म्हणाल्या, एकदोनदाच केलं.’

मी परत कामावर गेलो त्यानंतरचं पान माझ्या अक्षरात. ‘सभ्य बाटली आठ दिवसांच्या जागी पाच दिवसांत भरली. पेशी एकमेकींवर चढल्यासारख्या वाटल्या. बाईंना दाखवलं. म्हणाल्या, काका, नवीन डोळ्याने तुम्हाला जास्तच दिसायला लागलंय. दोघंही खूप हसलो.’

खरंच हसलो होतो. मला तो विनोद इतका आवडला की मी तो वर्षभर सगळ्यांना सांगत होतो. मग रोज तेच बघून त्या पेशी तशाच दिसतात असं डोळ्यानेही मानून टाकलं.

ही माझ्या खांद्यावरून वाचत होती. म्हणाली, “झालं? आता जेवणार का?”

जेवलो. दोन वेळा वाढून घेतलं. आणि मग खूप वाईट वाटलं, की मी सुटल्यावर मला इतकी भूक लागावी.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

बाईंना भेटलो.

खोलीबाहेरच्या बाकावर पाऊण तास बसवलं. पूर्वी मी दार न वाजवता आत जायचो. आत गेल्यावर त्यांनी दार लावलं. मला जिराफ आठवली.

चेहरा उतरलेला होता त्यांचा. केस पांढरे झालेत, रंगवायचं सोडलंय. मी काय काय बोलायचं ठरवून गेलो होतो, सगळं विसरलो. एकच निघालं.

“बाई, मला वाचता येत नाही हे का लिहिलंत?”

त्या खिडकीकडे बघत म्हणाल्या, “ते खरंच आहे ना, काका?”

मी मान हलवली.

“खोटं काही लिहिलं नाही मी त्यात,” त्या म्हणाल्या.

“तुम्हाला कल्पना नव्हती असं लिहिलंय. टिकल्या कोणी आणल्या होत्या बाई?”

त्यांनी टेबलावरचे कागद सरळ केले, सरळच होते ते. मग खुर्ची ओढून माझ्याजवळ बसल्या आणि हळू आवाजात, अगदी जिन्यात बसून समजवायच्या तशा आवाजात म्हणाल्या, “काका, शांतपणे ऐका. माझ्या हाताखाली चौदा मुलं आहेत. मी गेले तर सगळ्यांची वर्षं पाण्यात. त्यातली दोघं इतकं चांगलं काम करतायत! तुम्ही निवृत्त झालात. पेन्शनला धक्का नाही, मी आधी विचारून घेतलं. तुम्हाला कोण ओळखतं? तुमचं असं काय जाणार आहे?”

खरं सांगतो वही, उत्तर सुचलं नाही. काय जाणार आहे माझं? मी घर आठवलं, खाट, खुर्ची, डुलणारं कपाट. त्यातलं काहीच जाणार नव्हतं.

“ऑगस्टमध्ये तुम्ही खाऊ घालत होतात बाई. मी डोळा बांधून पडलो होतो.”

त्या दचकल्या. “कोण म्हणतं?”

“वहीत आहे.”

“तुम्ही तर म्हणालात रद्दीत गेल्या.”

“मला तसं वाटलं होतं.”

बाजूच्या खोलीत उबेच्या कपाटाचं दार उघडल्याचा आवाज आला, रबर सुटल्याचा, तो मी झोपेतही ओळखेन. बाई म्हणाल्या, “काय करणार आहात?”

“माहीत नाही.”

“काका, मी तुम्हाला सांभाळून घेतलं होतं. पंचवीस वर्षं.”

तेव्हा मला कळलं की ते त्यांनी उधारीवर दिलं होतं. मी माया समजत होतो.

१ मार्च, शनिवार

हिचं मत सरळ आहे. दहा तारखेला चौकशीची शेवटची बैठक आहे, त्या दिवशी वही नेऊन आपटायची. “मी येते बरोबर. अक्षर माझं आहे, मीच सांगेन. जगात एका तरी चौकशीत माझ्या कुरकुरीचा उपयोग होऊ दे.”

मी म्हणालो, “बाई बुडेल गं.”

“ती तुम्हाला बुडवताना अर्धा कप चहा प्यायली, तोही माझ्या हातचा.”

“पोर होती ती. बाटली कशी धरायची ते मी शिकवलं तिला.”

“मग बाटली धरायचीच शिकवलीत. पुढचं राहिलं.”

जिराफचाही फोन आला. ती लेखी द्यायला तयार आहे. पण म्हणाली, “काका, वहीशिवाय माझं कोणी ऐकणार नाही.” म्हणजे सगळं माझ्यावर येऊन थांबलं. आयुष्यात पहिल्यांदा माझ्यावर येऊन काही थांबलं आणि ते हे.

दिवसभर विचार केला. गप्प बसावं असंही वाटतं. मग फाटकावरचा सलाम आठवतो, त्या दोन मुली आठवतात. आणि त्याहून जास्त आठवतात ते कोणीतरी परके लोक, जे आजही मुकादमाच्या मागे लागून बसलेत आणि राखणदाराकडे बघत नाहीत, कारण आमच्या बाटलीने त्यांना तसं सांगितलं. त्यांच्या दारात खाटेवर कोणीतरी पडलेलं असेल. त्यांना मी ओळखत नाही. पण ते माझ्या बाटलीवर विसंबले.

शेवटी चिठ्ठी लिहायला घेतली. चार कागद फाडले. पाचवा जमला. उद्या सकाळी स्वतः त्यांच्या घरी देऊन येणार. नक्कल इथे उतरवून ठेवतो, कारण यापुढे मी सही केलेलं सगळं माझ्याजवळ असलं पाहिजे.

‘बाईंस,

हे मी आपल्या अक्षरात लिहितो आहे, दुसरी मला येत नाहीत, ते आता सगळ्यांना माहीत आहे.

तुम्ही विचारलंत, माझं काय जाणार. तेव्हा सुचलं नाही, घरी आल्यावर सुचलं. सत्तावीस वर्षं मी रोज सकाळी हात कोपरापर्यंत धुऊन त्या पेटीसमोर बसलो. मी काही शोधलं नाही. माझ्या नावावर काही छापलं नाही. माझी कमाई एवढीच की माझे हात स्वच्छ होते. तुम्ही तेवढंच नेलंत. तुमच्याकडे बाकी इतकं असताना.

तुमच्या हातून बाटल्या एकदम काढल्या गेल्या, त्याचा मला राग नाही. दमलेला माणूस चुकतो. मी ओट्यावर करून पाहिलं, एकवीस वेळांत एकदा चुकलो. त्या दिवशीच जर म्हणाला असतात की काका, माझ्याकडून झालं, तर मी ते माझ्या अंगावर घेतलं असतं आणि कोणाला कळलंही नसतं. तुम्ही मागितलं नाहीत. काढून घेतलंत.

दहा तारखेला मी बैठकीला जाणार आहे. वही घेऊन. ही बरोबर येणार म्हणते, तिला मी थांबवू शकत नाही, तुम्हाला माहीत आहे.

पण बाई, मला तुमच्याआधी तिथे पोचायचं नाही. तुम्ही आधी जा. तुम्ही जाऊन आपल्या तोंडाने सांगितलंत तर मी फाटकावरूनच परत येईन आणि वही कोणाला दाखवणार नाही. तुमच्या मुलांनाही त्यात कमीपणा नाही, त्यांना उलट कळेल की चूक कशी सांगायची. मी तुमच्याविरुद्ध उभा राहिलो तर मला पुढे जगता येईल की नाही, ठाऊक नाही. मी तसा माणूस नाही. मला तसा करू नका.

हाताशी नऊ दिवस आहेत. मी घरीच असतो. बेल बिघडली आहे, दार वाजवा. यायचं नसेल तर चिठ्ठी पाठवा, एका ओळीची चालेल, फक्त आपल्या अक्षरात लिहा, म्हणजे मला कोणाकडून वाचून घ्यावी लागणार नाही.

जाणार आहात की नाही, एवढंच. लवकर कळवा बाई. फार वाट बघायला लावू नका.’